चुंबकावरचा कण

मरोळला आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे की मी विमानात होतो. नक्की काय होतो, ते फारसं कुणाला ठाऊक नाही. कुणी पायलट समजतं, कुणी सामान चढवणारा. एका गणपतीत आमच्या चेअरमननी माइकवरून माझी ओळख ‘विमानाचे ड्रायव्हर गावडेसाहेब’ अशी करून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही गप्प बसून घेतल्या. खरं म्हणजे मी विमान दुरुस्तीतला इंजिनिअर. एकतीस वर्षं हे काम केलं, आणि त्यातली बहुतेक पंख्याच्या विमानांवर.

‘पंख्याचं विमान’ हे नाव प्रवाशांनी दिलेलं. आमच्या कागदावर ते टर्बोप्रॉप. लोकांना वाटतं, पंखा दिसतोय म्हणजे विमान जुनं. आत इंजिन जेटसारखंच असतं. फरक एवढाच की जेट विमानात ते इंजिन हवा मागं फेकून विमान पुढं ढकलतं, आणि इथं तेच इंजिन बाहेरचा पंखा फिरवतं. वेग थोडा कमी मिळतो, पण इंधन कमी लागतं आणि धावपट्टी आखूड असली तरी भागतं. दोनशे माणसांचं जेट लहान गावात उतरणार कुठं, आणि उतरलंच तर रोज दोनशे माणसं आणायची कुठून? सत्तर माणसं मात्र मिळतात. तास-दीड तासाच्या प्रवासाला या विमानासारखं दुसरं नाही, हे मी कुणाही जेटवाल्याच्या तोंडावर सांगेन.

मी कामाला लागलो तेव्हा चाळीसेक माणसांची विमानं होती. आत बसलं की दाढा हलायच्या. मग प्रत्येक कंपनीला जेट हवं झालं. पंखेवाली विमानं विकली गेली आणि लहान गावांची सेवा बंद पडली. अशा एका धावपट्टीवर मी स्वतः म्हशी बसलेल्या पाहिल्यात. नंतर नवी विमानं आली, सहा पात्यांच्या पंख्याची, कमी आवाजाची, सत्तर माणसांची. सरकारनंही लहान विमानतळांकडे लक्ष दिलं आणि आमचं काम पुन्हा सुरू झालं. आमच्या कंपनीकडे अशी पाच विमानं होती. कंपनी आता राहिली नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

घाटकोपरचे एक व्यापारी शिडीच्या खालच्या पायरीशी अडून बसले होते, ते आठवतं. म्हणाले, मला हे चालणार नाही, पुढच्या विमानानं जातो. मी सांगितलं, पुढच्यालाही पंखेच आहेत. बराच वेळ पंख्याकडे बघून शेवटी चढले. चार दिवसांनी परत आले तेव्हा उतरता उतरता मला शोधून म्हणाले, “बंद नाही पडला.” त्यात थोडी नाराजी होती असं मला वाटलं.

या विमानाचं दार मागं असतं. सगळे एकदम मागच्या बाजूला गोळा झाले तर शेपूट खाली बसायची भीती, म्हणून माणसं चढत असताना शेपटाखाली एक दांडा लावून ठेवतात. तो बघून लोक हादरायचे. आणि कधी वजनाचा तोल साधायला दोघातिघांना पुढच्या रांगेतून मागं बसवावं लागायचं. ज्यांना उठवायचे, त्यांना वाटायचं आपल्या पोटावरून बोलतायत. पण एकदा विमान वर गेलं की तक्रारी संपायच्या, कारण याचे पंख खिडक्यांच्या वर असतात आणि विमान फार उंचावरूनही जात नाही. आमच्या कोकणच्या फेरीत माणसं खिडकीला नाक लावून आपापल्या गावची खाडी ओळखायची.

ही कोकणची फेरी माझ्या जिव्हाळ्याची होती. माझे वडील गिरणी कामगार, गाव मालवणच्या बाजूला. त्यांच्या काळी गावाला जायचं म्हणजे दोन दिवस अंग आंबायचं. आता मालाड, बोरिवली, मुलुंडची माणसं सकाळचा चहा घरी घेऊन दुपारी गावी माशाचं जेवण जेवत होती. विमान सड्यावरच्या धावपट्टीवर उतरायचं. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, आणि त्यापलीकडे थेट समुद्र.

आता माझ्या कामाबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. विमान आलं की इंजिनिअर ते तपासतो आणि वहीत सही करतो. ती सही नसेल तर विमान जागचं हलत नाही. कॅप्टनही सही करतो, पण माझ्यानंतर. सही माझ्या लायसन्सवर असते, कंपनीच्या नावावर नसते. नोकरी सोडली तरी ती सही माझीच राहते.

त्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. माझ्याबरोबर फर्नांडिस होता, गोराईचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, हाताचा पक्का आणि बोलायला फटकळ. साडेअकराला कोकणला जाणारं विमान अकराच्या सुमारास दुसऱ्या फेरीवरून परत आलं. कॅप्टननी सांगितलं, डाव्या इंजिनाच्या गिअरबॉक्सच्या तेलात चिप, म्हणजे धातूचा कण, असल्याची खूण आली आहे.

हा गिअरबॉक्स म्हणजे पंख्याच्या विमानाचा कणा. आतलं चाक मिनिटाला वीस हजारांच्या घरात फेरे घेतं. पंखा त्या वेगानं फिरला तर फुटेल, त्याला हजार-बाराशे फेरेच झेपतात. मधे दातेरी चाकांची पेटी बसवून तो वेग उतरवतात. त्या पेटीतल्या तेलात एक लहानसं लोहचुंबक असतं. आत कुठं काही झिजायला लागलं तर लोखंडाचा कण तेलातून वाहत येऊन त्याला चिकटतो. पिठासारखी भुकटी असेल तर चिंता नाही, ती रोजची झीज. तुकडा असेल तर मात्र आत काहीतरी तुटतंय.

मी चुंबक काढलं. त्यावर एक कण होता, पापणीच्या केसाएवढा, नखाच्या कापासारखा वाकलेला. पुसून परत बसवलं, पंखा चालू करून वीस मिनिटं इंजिन जागेवरच चालवलं आणि पुन्हा काढून पाहिलं. आणखी एक कण, पहिल्यासारखाच.

पुस्तकात कणाच्या लांबीची मर्यादा दिलेली असते. मर्यादेच्या आत असेल तर विमान सोडता येतं, पुढचे काही दिवस परत परत तपासायचं एवढंच. मी भिंग लावून मोजलं. कण वाकलेला होता तसाच मोजला तर मर्यादेत बसत होता. सरळ केला असता तर बसला नसता.

मी कंट्रोलला, म्हणजे विमानांच्या फेऱ्या हलवणाऱ्या कचेरीला, फोन केला. तिथं देशमानेसाहेब होते, आमचे वरिष्ठ, स्वतः जुने इंजिनिअर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“लिमिटमध्ये आहे, अनंत.”

“वाकलेला मोजला तर आहे.”

“सरळ करून मोजा असं मॅन्युअलमध्ये कुठं लिहिलंय?”

“वाकलेला मोजा असंही नाही लिहिलेलं, साहेब.”

ते वाईट माणूस नव्हते. कंपनी डबघाईला आली होती आणि एक विमान उभं राहिलं की दिवसाच्या सगळ्या फेऱ्या कोलमडायच्या, हे त्यांना दिसत होतं. म्हणाले, दुसरं इंजिन आहेच, एका इंजिनावरही हे विमान उतरतं. तेही खरं होतं. मग म्हणाले, तू सही कर, जबाबदारी माझी. मी म्हटलं, मग तुम्ही इथं या आणि तुमच्या लायसन्सवर सही करा, मी बाजूला होतो. “बरं, ग्राउंड कर,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फर्नांडिस शेजारी उभा होता. मी त्याला विचारलं, तू काय केलं असतंस? तो म्हणाला, “तेच. फक्त इतका वेळ नसता घालवला.”

आमचं काम इथं संपतं. प्रवाशांना सांगणं हे काउंटरवरच्या मुलींचं काम. पण त्या दिवशी काउंटरवरून मलाच बोलावणं आलं. लोक ऐकेनात, इंजिनिअरनंच येऊन सांगितलं तर ऐकतील असं तिथल्या मुलींना वाटलं. मी तसाच गेलो, हाताला तेल लागलेलं. पन्नास-साठ माणसं गेटपाशी उभी होती. मी थोडक्यात सांगितलं की इंजिनच्या तेलात धातूचा कण सापडलाय, तो कुठून आला हे कळेपर्यंत विमान उडणार नाही, आणि आज ते कळणार नाही. थोडी बोलाचाली झाली. कुणी नशीब चांगलं म्हणालं, कुणी कंपनीला शिव्या घातल्या. मग लोक पांगले.

एक बाई तिथंच थांबल्या होत्या. पन्नाशीच्या असतील, खांद्याला एकच पिशवी. पुढं येऊन त्यांनी मालवणीत विचारलं, “विमान तुमीच थांबवलात काय?”

मी ‘हो’ म्हटलं. त्यांनी सांगितलं ते असं. नाव सुनंदा राणे, राहायला मालाडला कुरारला, एका प्रसूतिगृहात आयाचं काम. त्यांचे वडील गावाकडच्या तालुक्याच्या इस्पितळात होते. पहाटे भावाचा फोन आला की श्वास लागलाय, डॉक्टरांनी माणसांना बोलवून घ्या म्हणून सांगितलं. वडील शुद्धीवर होते आणि सुनंदा आली का, एवढंच विचारत होते. सकाळची गाडी पकडता आली असती. पण गाडी संध्याकाळी पोचवते आणि विमान तासाभरात, म्हणून भाच्यानं मोबाइलवर तिकीट काढून दिलं. त्या आयुष्यात पहिल्यांदाच विमानतळावर आल्या होत्या.

मी त्यांना ऑफिसातल्या मराठीत समजावत होतो. नियम, तपासणी, सुरक्षा. आज कळतं की त्या भाषेच्या आड मी उभा होतो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

“ह्यां विमान खराच पडतला काय?”

तेव्हा कुठं मी मालवणीत आलो. “ठाऊक नाय.”

“मगे?”

“ठाऊक नाय, म्हणानच थांबवलंय.”

त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुमचो माणूस वाटेक डोळे लावन बसलेलो असतो तर?”

मी म्हटलं, तरी थांबवलंच असतं. हे मी पटकन म्हणालो. खरं होतं की नाही, ते त्या वेळी मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते माझं काम नव्हतं. काउंटरवर बसून मी आणि तिथली मुलगी, दोघांनी मिळून गोव्याच्या जेट विमानांत जागा शोधली. तीनच्या विमानात एक मिळाली. ते दुसऱ्या टर्मिनलवरून सुटणार होतं, फर्नांडिस आपल्या मोटरसायकलवरून त्यांना तिकडं सोडून आला. गोव्यापासून पुढं गाडीनं दोन-अडीच तास. मी त्यांना माझा नंबर दिला आणि पोचल्यावर कळवा म्हणून सांगितलं.

त्यांनी कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला.

“बाबा गावले नाय,” त्या म्हणाल्या. वडील पाच वाजता गेले. त्या पोचल्या सात वाजता. भाऊ बाजूला होता, त्रास फार झाला नाही, असंही म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांनी मला ‘तुमी वायट वाटून घेव नको’ असं म्हटलं, आणि ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

ते दोन कण प्रयोगशाळेत गेले होते. दहा-बारा दिवसांनी अहवाल आला. कण गिअरचा नव्हता, बेअरिंगचाही नव्हता. मागच्या मोठ्या दुरुस्तीत एका वॉशरची कड निघाली होती आणि तिचे बारीक तुकडे आत राहून गेले होते. गिअरबॉक्स ठणठणीत होता. ते विमान त्या दिवशी गेलं असतं आणि परतही आलं असतं. सुनंदाताई साडेबाराला उतरल्या असत्या.

कंपनीत कुणी मला उघडपणे बोललं नाही. पण महिन्याभरात माझी बदली हँगरमध्ये झाली, कागदपत्रांच्या विभागात. रोजच्या विमानांवर सही करणं बंद. देशमानेसाहेब भेटले तेव्हा म्हणाले, “तू चुकला नव्हतास, अनंत. तुझं नशीब चुकलं.” आम्ही दोघं चहा प्यालो. त्यांनाही कुठंतरी लागलं होतं, एवढं मला कळलं.

अहवालाची झेरॉक्स माझ्या बॅगेत होती. मी ती बरेच दिवस बाळगली. सुनंदाताईंना हे सांगायला हवं असं मला राहून राहून वाटत होतं. बायको म्हणाली, कशाला? मी म्हटलं, त्यांचा हक्क आहे. फर्नांडिसला विचारलं, तर त्यानं सरळ सांगितलं, “जाऊ नको. तुला हलकं व्हायचंय, म्हणून तू चाललायस.” मी त्याच्यावर चिडलो.

एका रविवारी दुपारी मी मालाडला गेलो. चाळीतली एक खोली, दारात चपला, आत भिंतीवर वडिलांचा फोटो आणि त्याला ताजा हार. त्यांनी मला ओळखलं, बसायला दिलं, कोकम सरबत केलं. मी सगळं सांगितलं, अहवालही दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, वाचला मात्र नाही.

बराच वेळ त्या हारातलं एक फूल सारखं करत उभ्या होत्या. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलल्या.

“मी सगळ्यांका सांगलंय, विमान बिघडला होता. जाता जाता बाबांनीच माका वाचवल्यानी.” मग म्हणाल्या, “भावाकव ह्याच सांगलंय. आता ह्यां माका कशाक सांगलात?”

वडिलांशी त्यांची भेट झाली नाही, पण त्या भेटीच्या जागी त्यांनी काहीतरी ठेवलं होतं. वडिलांनी मरतानाही आपल्याला जपलं, एवढं. ते मी सरळ उचलून बाहेर काढलं होतं, तेही कागदपत्रासह. फर्नांडिस बरोबर म्हणत होता. मी त्यांच्यासाठी गेलो नव्हतो.

मी उठलो. माफ करा म्हटलं. त्या दारापर्यंत आल्या. अहवाल मला परत देत म्हणाल्या, हा इथं नको. खाली उतरून मी स्टेशनपर्यंत चालत आलो, तेव्हा पूर्ण रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात होती. विमान थांबवल्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. तसाच कण उद्या दिसला तर उद्याही थांबवेन. मालाडला गेल्याचा मात्र आहे. विमान उभं करायला मला कागद आणि भिंग लागलं. त्यांच्या दारात उभं राहताना मी काहीच तपासलं नव्हतं.

पुढं बरेच महिने काही संबंध राहिला नाही. मी हँगरमध्ये जुन्या वह्या लावत होतो, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. एके दिवशी सकाळी सव्वाअकराला फोन वाजला. नंबर मी पुसला नव्हता.

“मी राणे बोलतंय, मालाडसून,” त्या म्हणाल्या. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, गावाला निघाल्या होत्या. भाऊ म्हणाला होता गाडीनं ये, पण त्यांनी विमानाचंच तिकीट काढायला लावलं. प्रवाशांच्या बसमध्ये होत्या, आजूबाजूचे आवाज येत होते. “विमान दिसता हय. तुमी बघितलात मा?”

हो म्हणणं सोपं होतं. एका शब्दाचं काम, त्या निश्चिंत चढल्या असत्या आणि कुणाला कधी कळलंही नसतं. मागच्या वेळी खरं सांगून मी काय केलं होतं, ते मला पाठ होतं. तरी खोटं तोंडातून निघेना.

“नाय,” मी म्हटलं. “माजी बदली झाली. आज फर्नांडिसान बघितल्यान. तुमका मोटरसायकलवरसून सोडल्यान तो.”

पलीकडे बसचं दार उघडल्याचा आवाज आला.

“तो थांबवता काय? तुमच्यासारखो?”

“माज्या आदी थांबवता.”

“मगे बरां,” त्या म्हणाल्या. “फोन बंद करूक सांगतत. ठेवतंय.”

मी हँगरच्या दारात येऊन उभा राहिलो. तिथून धावपट्टीचा एक तुकडा दिसतो. थोड्या वेळानं आमचं विमान त्या तुकड्यातून गेलं, दोन्ही पंखे फिरताना नुसत्या राखाडी चकत्यांसारखे दिसत होते, आणि नाक उचलून वर गेलं. मी आत येऊन वह्या लावायला घेतल्या, पण त्या तासात एकही वही धड लावली नाही. पावणेएकला कंट्रोलला फोन करून विचारलं. देशमानेसाहेबच होते. त्यांनी कारण विचारलं नाही.

“उतरलं,” ते म्हणाले. “वेळेवर.”

मी डबा काढला आणि जेवायला बसलो.